माझे समभाग पुतण्याला मिळू नयेत, याविषयी

मी, तोकुजी हाचिया, वय चौऱ्याहत्तर, राहणार कुवाना, पंपांच्या कारखान्याचा निवृत्त दुरुस्तीप्रमुख, हे सर्व माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दडपण कोणाचंही नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

१. राहतं घर, मागचं संत्र्याचं झाड आणि बँकेतली शिल्लक पत्नी शिझुए हिला मिळावी. तिने घर विकून बहिणीजवळ राहायला जावं, असं माझं मत आहे. ती ऐकणार नाही.

२. माझी सर्व हत्यारं सानाए इसोगाई हिला. ती माझ्या हाताखाली मेकॅनिक होती, आज दुरुस्ती विभाग तीच चालवते. लांब दांड्याचा पाना तिने न विचारता आधीच नेला आहे; तोही तिचाच समजावा.

३. कंपनीतील समभाग. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

कारखाना माझ्या थोरल्या भावाने काढला. तो होता तोवर बिघाडाचा फोन आला की गाडी निघायची. परतल्यावर तो विचारायचा, "चालू झाला?" आम्ही म्हणायचो, "झाला." संपला अहवाल. त्याच्यामागे त्याचा मुलगा हारुओमी अध्यक्ष झाला. त्याने रोजचा अहवाल आणला, मग आठवड्याचा, मग ते दोन्ही एकमेकांशी जुळतात का, याचा तिसरा. चांगले मेकॅनिक दुपारभर टेबलाशी बसून रकाने भरू लागले. मी विचारलं, "हे वाचतं कोण?"

"काका, वाचण्याचा प्रश्न नाही. नोंद असलेली बरी."

मला किळस येऊ लागली ती तेव्हापासून.

पुढे सप्टेंबरच्या वादळात नदीकाठच्या सखल वस्तीतला पाणी उपसणारा पंप अडला. पंपघर सांभाळणाऱ्या ओकिए निवाबाईंचा फोन आला. "जाळीत कचरा भरलाय, मोटर तापतेय. लवकर या हो." सानाएने गाडी काढली, पण फाटकावर पहारेकऱ्याने ती अडवली. निघण्याआधीचा अहवाल हवा, त्यावर तीन शिक्के हवेत, आणि शिक्केवाले तिघेही मासिक अहवालाच्या बैठकीत. मी बैठकीत घुसलो. हारुओमी म्हणाला, "काका, एवढा तक्ता संपू दे."

मी जाऊन फाटक स्वतः उघडलं. आम्ही पोचलो तोवर निवाबाई हाताने जाळी साफ करायला उतरल्या होत्या आणि पाण्याने त्यांना ओढून नेलं होतं. सानाएने त्यांना बाहेर काढलं. जीव उरला नव्हता.

दोन दिवसांनी त्या घटनेचा अहवाल तयार होऊन माझ्यासमोर आला. त्यात लिहिलं होतं, 'कार्यवाही नियमानुसार, विलंब नाही.'

"सही करा काका. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

"हारुओमी, बाई मेली."

"तेही लिहिलंय. दुसऱ्या पानावर."

मी सही केली नाही. त्याच संध्याकाळी नोकरी सोडली. नंतर त्याने अहवाल कमी करण्यासाठी एक समिती नेमली. ती दर महिन्याला अहवाल देते.

सबब, माझे सर्व समभाग सानाए आणि दुरुस्ती विभागातल्या मेकॅनिकांना समान वाटून द्यावेत. हारुओमीला काहीही देऊ नये. आम्हाला मूलबाळ नसलं तरी पुतण्याला कायद्याने राखीव वाटा नसतो, असं वकिलांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या कचेरीतला बेचव चहाही मला चांगला लागला.

४. हारुओमीला कधी लाज वाटलीच, तर त्याने निवाबाईंच्या मुलीच्या दारात जाऊन तोंडाने बोलावं. हातात कागद नसावा. माझ्या अंत्यविधीला त्याने यावं, इतरांसारखा रांगेत उभा राहून उदबत्ती लावावी आणि जावं. भाषण वाचू नये.

५. माझे समभाग निम्म्याहून कमी आहेत, त्यामुळे तेवढ्यानेच काही बदलणार नाही. बाकीचे बरेचसे काझुयोवहिनींकडे आहेत. त्या हारुओमीच्या आई. मागच्या रविवारी मी त्यांना वरचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेऊन तिसरं कलम स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, माझी मतंही सानाएच्या बाजूने. भागधारकांच्या पहिल्या सभेत तिला एवढंच ठरवू दे, फोन आला की गाडी निघेल. विचारायचं कोणाला नाही."

"वहिनी, मुलगा आहे तुमचा."

"म्हणूनच साक्षीदार म्हणून मला घ्या."

वरील मजकूर मला मान्य असून तो माझ्याच हातचा आहे.

तोकुजी हाचिया (सही व शिक्का)

साक्षीदार :
१. केइसुके मोरोझुमी, वकील
२. काझुयो हाचिया, कंपनीच्या अध्यक्षांची आई

कुवाना, १४ नोव्हेंबर २०२३