आई कुठल्या शाळेत शिकवायची

५ मार्च १९८५, मंगळवार

आई गेली.

रविवारीच गेली. एकनाथचा फोन आज आला, सांगलीच्या पोस्टातून. दोन दिवस अमेरिकेची लाइनच मिळत नव्हती म्हणे. ओरडून बोलत होता — "ताई, झोपेतच गेली गं. सगळं उरकलं. तू आता येऊन काय करणार?" मग लाइन तुटली.

ऑफिसात कळवलं. कुकर लावला. उत्तराला शाळेतून आणलं. रडू आलं नाही.

६ मार्च

हेमचंद्र म्हणाला, "तिकिटं बघतो. तिघंही जाऊ." मी घाईघाईने नाही म्हटलं. उत्तराची शाळा, तुझं प्रोजेक्ट — सुचेल ते.

खरं कारण इथे तरी लिहावं. लग्नाला नऊ वर्षं झाली, नवऱ्याने माझं माहेर पाहिलेलं नाही. लग्न पुण्यात झालं. भारतात गेलो की सांगलीला मी उत्तराला घेऊन एकटीच जाते. तो आला तर गल्लीतलं कोणीतरी आईबद्दल बोलणारच — शरयूबाईंच्या हातच्या पोळ्या म्हणजे!

एकनाथ 'येऊन काय करणार' म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं. आई गेली आणि मला हायसं वाटलं!

८ मार्च

आई शिक्षिका नव्हती. कधीच नव्हती. चौथी शिकलेली. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची, एकनाथ दोन. तेव्हापासून चार घरी स्वयंपाक करायची. पहाटे निघायची, दुपारी यायची, परत संध्याकाळी. हातांवर तव्याचे डाग. त्या पोळ्यांवर मी एम.एस्सी. झाले.

हेमचंद्रला पहिल्याच भेटीत सांगून बसले — आई शाळेत शिकवायची. त्याची आई प्रोफेसर ना! तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता आलं नाही.

९ मार्च, शनिवार

लतिका आणि तिचा नवरा कुमार येऊन गेले. लतिका वरण-भात घेऊन आली होती. कुमार इथल्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी — "वहिनी, नेक्स्ट सॅटर्डेला आमच्याकडे शोकसभा अरेंज करू या. बुलेटिनमध्येही देऊ. मी ड्राफ्ट केलंय." वाचून दाखवलं. 'आदर्श शिक्षिका. पिढ्या घडवल्या.'

"शाळेचं नाव तेवढं सांगा, जागा सोडलीय."

"आठवून सांगते," म्हटलं.

आईची शाळा मला आठवून सांगावी लागते!

१० मार्च

आई इथे आली होती ८३च्या दिवाळीत, तीन महिन्यांसाठी. मंडळाच्या फराळाला नेलं. लतिकाने सहज विचारलं, "मावशी, तुम्ही टीचर होतात ना? कुठला वर्ग?" आईला मी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "लहान मुलं होती हो. फार वर्षं झाली."

हेमचंद्र बाहेरगावी होता, मीच ड्राइव्ह करत होते. फ्रीवे लागला. मग आई म्हणाली, "शैला, वर्ग कुठला ते सांगून ठेव. परत कोणी विचारलं तर माझ्याकडून चूक व्हायला नको."

रागावली असती तर बरं झालं असतं! मी काय म्हणाले?

"तिसरी."

१२ मार्च

उत्तराने विचारलं, "वॉज आजी स्ट्रिक्ट विथ हर स्टुडंट्स?" 'मुळीच नाही' म्हटलं. आता पोटच्या पोरीशीही खोटं.

१३ मार्च

सारखं एकच आठवतंय. मी नववीत. वर्गातल्या पद्मिनीने घरी जेवायला बोलावलं, वकिलांचं घर. पानावर बसले आणि स्वयंपाकघरातून पोळ्या घेऊन आई आली. ते काम तिला त्याच आठवड्यात लागलं होतं, मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली. आई पंगतीतून वाढत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तुम्हांला वाढू का अजून एक?"

तुम्हांला! मला!

मी 'नको' म्हटलं. वरही पाहिलं नाही. घरी आल्यावर दोघींपैकी कोणी त्याबद्दल बोललं नाही. कधीच नाही.

१५ मार्च

कुमारचा फोन. शाळेचं नाव? 'उद्या सांगते.'

१६ मार्च, शनिवार

लतिकाकडे वीस-बावीस माणसं. समई, फोटो. कुमारने वाचायला घेतलं. 'पिढ्या घडवल्या' आलं आणि मी उभी राहिले.

"माझी आई शिक्षिका नव्हती. लोकांच्या घरी पोळ्या करायची. मी खोटं सांगितलं. तिलाही खोटं बोलायला लावलं."

पुढे खूप काही म्हणायचं होतं, पण मी खाली बसले. कुमारने कागदाची घडी करून खिशात ठेवला. एक काकू साडीचा पदर सारखा करत बसल्या. लतिका जवळ आली, "अगं, मग त्या दिवशी मी मावशींना—" आणि थांबली. तिचे डोळे भरले होते. माझेही. फोन आल्यापासून अकरा दिवसांनी रडले, सगळ्यांसमोर.

हेमचंद्रला आधी सांगायला हवं होतं. गाडीत माझी त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

१७ मार्च

सकाळी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

लग्नाच्या आठ दिवस आधी आई एकटीच एसटीने पुण्याला जाऊन त्याला भेटली होती. "मी चार घरी स्वयंपाक करते, चालत असेल तरच लग्न करा," म्हणाली. तो गोंधळून म्हणाला, "शैला तर तुम्ही शिक्षिका आहात असं सांगते." आई निघायला उठली. मग म्हणाली, "तिला काही विचारू नका. माझी मुलगी वाईट नाही. एक दिवस आपणहून सांगेल."

नऊ वर्षं त्याने विचारलं नाही. आई वाट बघून गेली.