डाव्या मुठीची गाडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारसायकलींची हँडले वाकवणे व बसवणे, जिला कागदोपत्री नाव वेगळे असले तरी सगळा रस्ता 'हँडलबाई' म्हणूनच ओळखतो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, गॅरेजमधल्या टेबलावर बसून, कुणाची भीड वा धाक न बाळगता लिहून ठेवीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती शाबूत नसती तर बरे, असे ज्यांना वाटते त्यांची नावेही मला आठवतात. मरायची घाई नाही, परंतु मागाहून भांडणे नकोत. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

कलम पहिले. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलास द्यावे. तो विमा कचेरीत आहे. दुसऱ्यांचे अपघात कागदावर तपासून तपासून त्याने दुचाकीची धास्ती घेतली आहे, तेव्हा घर ही जागची न हलणारी वस्तू त्याला शोभेल. घरातल्या कड्या, नळ आणि दारांच्या मुठी डाव्या हाताच्या सोयीने बसवलेल्या आहेत, त्या बदलू नयेत. कारण कलम तिसऱ्यात आहे.

कलम दुसरे. गॅरेज, पाइप वाकवायचे यंत्र, लेथ, भिंतीवरचे सगळे पान्हे आणि कानशी माझ्या सुनेस, तिच्या एकटीच्या नावे द्याव्यात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती गॅरेजमध्ये आली, एक हँडल हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "सासूबाई, ह्याची रेस द्यायची तार कुठंय?" मी म्हटले, "पाइपाच्या आत." ती म्हणाली, "दाखवा." तेव्हापासून ती इथेच आहे.

हे कलम वाचून मुलगा म्हणाला, "आई, तिथं चार गाळे निघतील. घरबसल्या भाडं येईल."

"घरबसल्या म्हणूनच तुला घर दिलंय," मी म्हटले.

सून हसली नाही, कारण तिच्या तोंडात दोन स्क्रू होते. मुलाने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मला तू हे काम कधी शिकवलंच नाहीस."

"तू कधी हात काळे केले नाहीस, बाळा."

त्यावर त्याने बाह्या सरसावल्या. एक केबल पाइपातून ओवायला त्याने अख्खी दुपार घालवली, आणि शेवटी कळले की हँडल उलटे धरले होते. तिघेही पोट धरून हसलो. परंतु कलम मी बदललेले नाही.

कलम तिसरे. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्याशिवाय बाकीची कळणार नाहीत. माझे दिवंगत पती सुतार होते. लाकडाच्या वखारीत करवतीने त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हा मुलगा पाळण्यात होता. दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा.

मी म्हटले, "मी चालवीन. तुम्ही मागं बसा."

"मागं मी फक्त मेल्यावर बसेन."

माणूस एकदा असे बोलला की बायकोला झक मारत कामाला लागावे लागते. दोन्ही ब्रेक मी पायाकडे नेले. क्लच डावीकडेच होता. प्रश्न उरला रेसचा. ती डाव्या मुठीवर आणायची म्हटले तर मुठीच्या मुळाशी तिची डबी बसते, आणि नेमका तिथेच क्लचचा खटका लागतो. एका म्यानात दोन तलवारी. महिनाभर मी डोके खाजवत होते. शेवटी डबीच काढून टाकली. पाइपाच्या टोकाला खाच पाडली, मूठ फिरली की आत एक ठोकळा सरकेल आणि तो केबल ओढील, अशी व्यवस्था केली. केबल पाइपाच्या पोटातून जाऊन मधोमध खाली बाहेर पडते. वरून बघणाऱ्याला हँडल कोरे दिसते.

खाचेची आतली कोर कानशीने मारायची राहिली होती. मी कानस आणायला आत गेले, तेवढ्यात ह्यांना दम निघाला नाही. केबल त्या कोरेला अडकली, मूठ परत फिरेना, आणि गाडी सरळ शेजारच्या शिंपीकाकूंच्या कुंपणातून आत गेली. ह्यांना ओरखडाही आला नाही. गिऱ्हाइकाचा एक नवाकोरा पायजमा मात्र गळ्यात घेऊन हे परत आले आणि म्हणाले, "जाते छान. थांबत नाही एवढंच."

कलम चौथे. वरील प्रकारापासून शिंपीकाकूंनी मला प्रत्येक भेटीत कुंपणाची आठवण करून दिलेली आहे, कुंपण नवे करून दिल्यावरही. त्यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी मुद्दाम बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. तेव्हा नाइलाजाने त्यांना मी काही देत नाही. ह्यांच्या आजारपणात दोन महिने आमच्या घरी रोज दोन्ही वेळचा डबा त्यांच्याकडून आला, हेही याच कलमात लिहून ठेवते, म्हणजे त्यांना सही करताना वाचावे लागेल.

कलम पाचवे. गाडी पास करायला नेली तेव्हा तपासणीचे साहेब हँडलभोवती प्रदक्षिणा घालू लागले.

"केबल कुठंय, बाई?"

"आत."

"जे दिसत नाही ते मी पास कसं करू?"

हे म्हणाले, "साहेब, काळीज तरी कुठं दिसतं? तरी तुम्ही इथवर चालत आलातच ना?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळे खोलायला लावले, खाचेतून बोट फिरवले, पुन्हा जोडायला लावले. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवले. आवाज चढला नाही. मूठ पिळून सोडून दिली. ती आपसूक परत फिरली, रेस मिटली. मग त्यांनी ह्यांना मैदानात फेऱ्या मारायला सांगितल्या आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. हात गेल्यापासून हे घरात पाहुण्यासारखे बसत असत, खांदा पाडून. तिसऱ्या फेरीला हे शीळ घालत माझ्यासमोरून गेले, आणि मला माझा नवरा परत मिळाला. कागदावर शिक्का पडला.

त्या गाडीवर मागे बसून मी पुढची सव्वीस वर्षे फिरले. हे गेले ते अंथरुणात, झोपेत, तोंडावर समाधान ठेवून.

सबब सुनेस आज्ञा अशी की आतली केबल बसवताना पाइप बाहेरून नव्हे, आतून मोजावा. फार मुरडलेले हँडल गिऱ्हाइकाने कितीही लाडीगोडी लावली तरी घेऊ नये. केबल आत घासते आणि तुटते. आतली कोर बोटाला लोण्यासारखी लागेपर्यंत घासावी. आणि सोडल्यावर ज्या गाडीची मूठ स्वतःहून परत फिरत नाही, ती गाडी गॅरेजबाहेर जाऊ देऊ नये. नवरा असला तरी.

कलम सहावे आणि शेवटचे. या कलमात ह्यांच्या गाडीची वाटणी लिहायची होती. मुलगा म्हणत होता, दिवाणखान्यात ठेवू, आठवण म्हणून. सून म्हणत होती, गॅरेजच्या दारात ठेवू, पाटी म्हणून. मी दोघांच्या मध्ये अडकले होते.

आज सकाळी एक चित्रकला शिक्षिका आली. पक्षाघाताने तिचा उजवा हात निकामी झाला आहे. पाय धड आहेत. सुनेने कुठेतरी तिला आमच्याबद्दल सांगितले होते. तिने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हळूच विचारले, "आजी, नुसती बसून बघू?"

ती बसली. डावी मूठ पिळली. मुलगा पुढे होऊन काहीतरी बोलणार, बहुधा विम्याचे, तोच त्याने तिचा चेहरा पाहिला. त्याने तोंड मिटले आणि फाटक उघडून धरले.

ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. चौथ्या खेपेला मी ओरडले, "घेऊन जा!" तेव्हा ती जी सुटली ती सुटलीच. आभार नाहीत, वळून पाहणे नाही. तेच बरोबर. रेस हातात असताना मागे बघू नये.

तरी सदर गाडी माझ्या मालमत्तेत आता नाही. तिच्यावर कोणीही हक्क सांगू नये.

सही: हँडलबाई
साक्षीदार १: शेजारच्या शिंपीकाकू
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा पंक्चरवाला
ठिकाण: गॅरेज, दार उघडे
वार बुधवार, दुपार. तारखेचा शिक्का वकीलसाहेब मारतील