पंधरा हजार किलोमीटर आणि माझा भाऊ

२ जून, सोमवार. कुमासी, घाना.
२४ ऑगस्टला मला सत्तर पूर्ण. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना, मग जेवण. धाकटा भाऊ अडोमाको मेलबर्नहून येणार. तो 'बघतो दादा' म्हणाला. म्हणजे येणारच.
पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून मोजलं: पंधरा हजार किलोमीटर. विमानात साडेएकवीस तास, दुबईत बदली. चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय, उगाच नाही.

१९ जून.
तो म्हणतो, इतका वेळ बसून गुडघे सुजतात. बरोबर आहे. दर तासाला उठून चालायचे व्यायाम लिहून पाठवले. बायको सेरवा म्हणाली, यायचं असतं तर लंगडत आला असता. तिला रेखांश कळत नाहीत.
कार्यक्रमासाठी त्याच्यासाठीही आमच्या सगळ्यांसारखंच निळं कापड घेतलं.

११ जुलै.
फोन उचलत नाही. साहजिक आहे, तिकडचं घड्याळ दहा तास पुढे. सकाळी करावा तर तो जेवत असतो, दुपारी करावा तर झोपलेला. यात माणसाचा दोष नाही.

२ ऑगस्ट.
येत नाहीये. 'फार लांब पडतं रे दादा.' ज्याला मी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलं, तो रडवेला झाला होता बिचारा. निदान मला तसं वाटलं. शेजारी आमपोन्सा खवचटपणे म्हणाला, गुरुजी, ऑस्ट्रेलिया जरा जवळ सरकवा की! दुर्लक्ष केलं.

२४ ऑगस्ट, रविवार.
कार्यक्रम झकास. माझ्या शेजारच्या राखीव खुर्चीवर आमपोन्सा बसला. दोन वेळा फुफूचा गोळा वाढून घेतला मेल्याने.

१५ सप्टेंबर, सोमवार.
आमपोन्सा अक्र्याहून मयताचा कार्यक्रम उरकून आला. द्वोमो वारला, अडोमाकोच्या जुन्या फुटबॉल संघातला गोलकीपर. आमपोन्साने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मयताच्या लाल-काळ्या कापडात एक माणूस आमच्या रीतीप्रमाणे ढोलावर नाचतोय. गुडघे चांगले वाकत होते.
अडोमाको! अक्रा ते कुमासी विमानाने पंचेचाळीस मिनिटं. परवा नाचला आणि काल परतही गेला.
सेरवाला म्हटलं, सुट्टी कमी असेल. तिने त्याच्यासाठी घेतलेलं निळं कापड घडी करून कपाटात ठेवलं. तेच जास्त लागलं.

१६ सप्टेंबर.
फोन केला. पहिल्या रिंगला उचलला! भडाभडा बोललो. माझ्यापेक्षा गोलकीपर जवळचा का, असंही विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मयताला नाही गेलं तर लोक तोंडात शेण घालतील. वाढदिवस काय, दरवर्षी येतो. तुझ्या वेळी बघ, बायकापोरांसकट येईन. फक्त वहिनीला सांगून ठेव, शवागारात महिनाभर तरी ठेवायचं. लगेच तिकिटं मिळत नाहीत."
मी म्हटलं, बरं, सांगतो.
फोन ठेवला. सेरवाने विचारलं, काय म्हणाला?
म्हटलं, येतोय.