पाठीवरची आखणी

सोमवार, ३
लागले बाई एकदाची नोकरीला! कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला बाजूनं पारदर्शक खिडकी बसवून देणारा छोटा कारखाना आहे. आतले पंखे, रंगीत दिवे दिसावेत म्हणून लोक पत्रा कापून तिथं अ‍ॅक्रिलिक लावून घेतात. मालकांना सगळे पाठीमागे मिलिमीटर म्हणतात, कारण ते चहासुद्धा मापात ओततात. फ्रेमच्या दुकानात चार वर्षं काचा कापल्यात, त्यामुळे माझा हात बसलेला आहे. दादा म्हणाला, घरातली खिडकी तुला धड लावता येत नाही, लोकांच्या काय बसवणार! आई-बाबा गेल्यापासून त्यानंच मला वाढवलं, म्हणून टोमणे मारायचा हक्क त्याचाच. घरात आम्ही दोघंच.

मंगळवार, ४
काम समजून घेतलं. कागदाचं टेम्प्लेट काढायचं, अ‍ॅक्रिलिकवर चिकटवायचं, आधी चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं पाडायची, मग करवतीचं मशीन चालवायचं, तेही हळू. घाई केली तर अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि पात्यामागं काप पुन्हा चिकटून बसतो. मालकांनी एक नियम बजावून सांगितला: जे कापायचं नाही त्याच्यावर कधी आखायचं नाही. आखलेलं कापावंच लागतं. मी हो हो म्हटलं. जुन्या कारागिरांचं एकेक खूळ असतंच.

बुधवार, ५
पहिलं स्वतंत्र काम मिळालं, शनिवारी द्यायचंय. टेम्प्लेट काढायला कागद घरी आणला, तर टेबलावर कपड्यांचा हा ढीग. दादाची कंबर धरली होती म्हणून तो जमिनीवर पालथा पडून पेपर वाचत होता. त्याच्या पाठीइतकी सपाट जागा घरात दुसरी नव्हती. बनियनवर कागद ठेवला आणि पेन्सिलीनं आखून घेतलं. गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होता. मी म्हटलं, हलू नकोस, तुलाही खिडकी बसवते, म्हणजे पोटात काय दडवतोस ते कळेल. दोघंही हसून हसून दमलो.

गुरुवार, ६
चारही भोकं पाडली, एकही तडा गेला नाही. मालक खूश. घरी आले तर दादा भिंतीला पाठ घासत होता. बनियन वर करून पाहिलं. चार लाल ठिपके. डास चावला असेल म्हणाला. डास काय पट्टी घेऊन चावतो? तो हसला, मला हसू आलं नाही. तो झोपल्यावर टेम्प्लेटची घरी ठेवलेली नक्कल लावून पाहिली. चारही ठिपके बरोबर भोकांच्या खुणांवर आले. केसभरही फरक नाही.

शुक्रवार, ७
सकाळी वरची बाजू कापली आणि जेवणाच्या सुट्टीत धावत घरी आले. दादाच्या पाठीवर वरची रेघ. रक्त नाही. कडा स्वच्छ, अगदी माझ्या हातच्या.
परत जाऊन मशीन मुद्दाम जोरात चालवलं. काप वितळवला, चिकटवून टाकला. संध्याकाळी पाहिलं तर पाठीवरची रेघही बुजलेली. देव पावला!
तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण राहवलं नाही, मालकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, अर्धवट राहिलं की तडा मनाला येईल तिकडं जातो. तू घरीच थांब, उद्या मी पुरं करतो.

शनिवार, ८, सकाळ
भीती वाटली की मी लिहिते. नाहीतर किंचाळेन.
कारखान्यात जायला निघाले, दादानं हात सोडला नाही — एकटा राहणार नाही म्हणतो. लहानपणी मी म्हणायचे तसं.
मालकांना फोन केला. पाया पडते, थांबा म्हटलं. तडा मणक्यात गेला तर काय करशील, म्हणाले. पातं नवीन आहे. हळू चालवतो, पोरी.
फोनमधून मशीनचा आवाज —
वरची बाजू पुन्हा उघडली. दादानं उशी दातात धरलीय.
दुसरी बाजू —
डाव्या हातानं रेघ दाबून धरलीय, तरी बोटांखालून सरकते — सरळ — किती सरळ —
तिसरी.
दादा, माझं चुकलं रे. माझं —
चौथी. उशी सोडली त्यानं. दुखायचं थांबलं म्हणतो. शांत आवाजात. म्हणतो, छकुले, आत उजेड येतोय, आणि इथं आत कोणीतरी बसून तुझ्याकडं बघ