खाटकाचे आकडे

सोम. ४ मार्च
वाचनालयाच्या ग्लेनिसचा फोन. परदेशांतून आलेल्यांना मी तिथे इंग्रजी शिकवते, तो वर्ग एकवीस तारखेला बघायला येणार. म्हणे, "बाई फार चिडतात, अशी कुरबूर आहे. वर्ग ठेवायचा की मोबाइलवरच शिकू द्यायचं, ते तेव्हा ठरवू." मी शांतपणे फोन आपटला. हल्लीचे फोन धड आपटतासुद्धा येत नाहीत. उशीवर पडला.

गुरु. ७ मार्च
संकल्प: चिडायचं नाही. जुन्या यंत्रांवरून आलेले वाक्प्रचार शिकवायचे. ते मोबाइलला काय कळणार?

बाबांचा तबकडीचा फोन नेला. 'हँग अप', फोन ठेवणं, म्हणजे रिसीव्हर असा अडकवणं. सगळे खूश. मग 'ऑन टेंटरहुक्स', जीव टांगणीला लागणं. टेंटरहुक्स म्हणजे खाटकाचे मांस टांगायचे आकडे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेटनी फळ्यावर डुक्कर काढून शिकवलं होतं. काय सुरेख डुक्कर काढायच्या!

मोहिराने मोबाइलवर चित्र शोधलं. ही ताजिकिस्तानची, तिकडे घोंगड्या विणायची. "बाई, खाटीक नाही. ओली घोंगडी आटू नये म्हणून चौकटीवर ताणतात, त्याचे आकडे. मी वीस वर्षं ताणल्यात."

"तुझ्या गावात असेल. हे यॉर्कशायर आहे."

"इथे गिरण्या नव्हत्या का, बाई?"

मी आवाज चढवला नाही. शेजारच्या खोलीतलं बाळ आपलं आपण रडायला लागलं.

शुक्र. ८ मार्च
मोहिराचं तोंड बंद करायला मोठा शब्दकोश काढला. शब्दकोश चुकीचा निघाला.

रवि. १० मार्च
दुसराही चुकीचा.

आजीचा माझा लाडका फोटो पुसला. सोळा वर्षांची, गिरणीच्या आवारात. मागे लांबच लांब कुंपण. भिंग लावून पाहिलं. कुंपणावर कापड ताणलेलं आहे. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

गुरु. २१ मार्च
ग्लेनिस वही घेऊन मागे बसली. मी जाहीर केलं, टेंटरहुक्स म्हणजे कापड ताणायचे आकडे.

"आधी खाटीक होता ना, बाई?" पोलंडचा झेनॉन ओरडला. "दुकान बंद पडलं वाटतं!"

सगळे खिदळले. मोहिरा पटकन म्हणाली, "बाईंनी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. आमची परीक्षा घेतली."

कुणाच्या दयेची मला गरज नाही, हे मी अगदी सौम्यपणे सांगितलं. ग्लेनिसने कानांवर हात कशाला ठेवावेत?

मंगळ. २ एप्रिल
पत्र आलं. वर्ग राहिला. शिकवणार मोहिरा. मी जुन्या वस्तू आणायच्या.

जाणार नाही.

बुध. ३ एप्रिल
टाइपरायटर मला एकटीला उचलत नाही. मोहिरा फोनवर म्हणाली, "मी येते ना, बाई, दोघी मिळून नेऊ." मी फक्त हो म्हटलं. आजीचा फोटोही पिशवीत घातला. मोहिराला दाखवायचाय.

तिने पत्ता विचारला. सांगितला: नऊ, टेंटर लेन.

"टेंटर?" तिने विचारलं. "आकड्यांचं टेंटर, बाई?"

एकेचाळीस वर्षं राहते मी इथे.