फोटोतलं कुंकू

सातारा, ११ फेब्रुवारी १९४४

माणमधल्या सासू-सुना आज फोटो न्यायला आल्या. मुलगा लढाईवर आहे, त्याला बायकोचा फोटो धाडायचा होता. परवा फोटो काढला तेव्हा आभाळ होतं म्हणून मी फ्लॅशची पावडर जरा सढळ हातानं ओतली. चेहरा उजळला, पण कपाळ पांढरंफटक आलं आणि कुंकू... पुसलं असं लिहवत नाही. प्रिंट काढतानाही मला दिसलं नाही? काय बघत होतो मी?

म्हातारीनं फोटो हातात घेतला. "आवं, कुकू कुठं हाय?" म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मी घाईघाईनं शाईत ब्रश बुडवला. तेव्हा सून पहिल्यांदा बोलली, "काळं नगं."

तिनं पिशवीतून करंडा काढला. फोटोतल्या कपाळावर बोटानं मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं, रोज आरशात बघून लावत असेल तसं. म्हातारीनं डोळे पुसले.

फोटो घेऊन दोघी गेल्या. निगेटिव्हची काच माझ्याकडेच राहिली. दिव्यासमोर धरून बसलोय. काचेवर पांढरं ते काळं, कपाळ नुसतं काळं दिसतं.

इथं कुंकू कोण लावणार?