स्पंजाचं बारसं

आई, समुद्राच्या तळातून वर आलेल्या एका स्पंजाच्या नावावरून आज मी तुझ्या बहिणीशी भांडले. कडाक्याचं नाही, पण विरजण मागायला आलेली शेजारीण विरजण न घेताच दारातून परत गेली, इतपत. आता जेवणं झालीत, मावशी आत आडवी झालीय, सेलूचं ऊन अंगणात मावेनासं झालंय आणि मी ओट्यावर सावली धरून तुला लिहायलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मी आता तुझ्याहून मोठी आहे. तरी काही सांगण्यासारखं घडलं की पहिल्यांदा तूच आठवतेस, त्याला काय करणार!

आधी स्पंज म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तू मावशीसारखंच करशील. तिला मी मोठ्या कौतुकानं फोटो दाखवला तर म्हणाली, "आगं, हे तर घोसाळं हाय. वाळलेलं." मला हसूच आलं, कारण दिसतं खरं तसंच. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मोरीतल्या खिळ्याला तू वाळलेलं घोसाळं टांगून ठेवायचीस, आणि रविवारी माझी पाठ त्यानं अशी घासायचीस की मी ओरडायचे, "आई, माती निघतीय का कातडी?" तू म्हणायचीस, "दोनीबी निघू दे, खाली नवी हाय." तर दिसायला तसंच, पण हे झाडाचं फळ नव्हे, जनावर आहे. तोंड नाही, पोट नाही, पाय नाहीत. जिथं उजेडाचा कणही पोचत नाही एवढ्या खोल पाण्यात तळाला धरून बसतं, अंगातून पाणी गाळतं आणि त्यातून मिळेल त्यावर जगतं. आणि त्याचा सांगाडा असतो काचेचा. मावशीनं डोळे बारीक केले. "काचेचा? मंग फुटत कसा न्हाई?" प्रश्न फार चांगला होता, मी त्यावर तासभर बोलू शकते, पण चुलीवर चहा उतू चालला होता.

तुला हे माहीत नाही की तुझ्या पोरीची सगळी नोकरी अशा जनावरांत गेली. मी एमएस्सीला असताना तू गेलीस, तेव्हा मी समुद्र पाहिलाही नव्हता. आता समुद्राकाठच्या एका संस्थेत माझी खोली आहे आणि तिच्यात भिंतभर बरण्या आहेत, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या. बरण्या बघितल्या की मला सातवीतला तो दिवस आठवतो. मी मेलेला विंचू रॉकेलमध्ये घालून तुझ्या लोणच्याच्या बरणीत ठेवलाय आणि तू झाकण उघडतेस. माझ्या कानाला धरून तू मला अख्ख्या क्वार्टरच्या रांगेसमोर उभी करतेस. "विंचवाला बरणी, आन् माझ्या लोणच्याला काय परात?" तीन घरांच्या बाया पदर तोंडाला लावून हसतायत आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालंय. पुढच्या बाजारच्या दिवशी तू पिशवीतून काचेची नवीकोरी बरणी काढलीस, माझ्यापुढं ठेवलीस आणि म्हणालीस, "ही तुझी. माझ्या फळीला हात लावायचा न्हाई." आई, इतकी मोठी भेट मला पुढं कुणीच दिली नाही, माझ्या नवऱ्यानं तर नाहीच नाही.

तर अशाच एका बरणीत हा स्पंज पडून होता. जहाजानं खोल पाण्यातून जे काही खरवडून आणलं होतं त्यातला, फाटक्या फडक्यासारखा दिसणारा, म्हणून कुणी हात लावला नव्हता. मी त्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि तीव्र अ‍ॅसिडात टाकला. मांस विरघळून जातं आणि तळाला काचेच्या बारीक सुया उरतात. त्या धुवायच्या, वाळवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. स्पंजाची जात चेहऱ्यावरून कळत नाही, सुयांवरून कळते. कुणाच्या सुया सरळ, कुणाच्या आकड्यासारख्या, कुणाच्या सहा टोकांच्या. याच्यात एक सुई निघाली ती थेट आपल्या शेतातल्या सराट्यासारखी, कशीही पडली तरी एक टोक वरच. असली सुई मी आजवर याच्या भावकीतल्या कुठल्याच स्पंजात पाहिली नव्हती. मी खुर्चीतून उठले, खोलीत दोन चकरा मारल्या आणि परत बसून पाहिलं. होतीच.

पण लगेच उड्या मारायच्या नसतात. माझा सहकारी मोठा शांत गडी आहे, कोकणातला. त्यानं निवांतपणे विचारलं, "शेजाऱ्याची नसेल ना?" मेलेल्या स्पंजांच्या सुया तळावर पडून राहतात आणि जिवंत स्पंज त्या कधी कधी अंगाला लावून घेतो, पाव्हण्याच्या गोधडीत ढेकूण यावेत तशा. अशा उसन्या सुईवर भरवसा ठेवून नवी जात जाहीर करणारे आणि मग तोंडघशी पडणारे आमच्या धंद्यात आहेत. माझी भूकच गेली. मग मी बाहेरचा भाग सोडला आणि थेट गाभ्यातून तुकडा कापला, वेगवेगळ्या जागी. प्रत्येक ठिकाणी सराटे! ढिगानं! मग परदेशातल्या संग्रहांतून त्याच्या भावकीतले जुने नमुने मागवले, सुई न् सुई मापली, चित्रं काढली, आणि कुणाशीच जुळेना. नवी जात, आई. जगात कुणीच नाव न दिलेली. मी सहकाऱ्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याचा चष्मा पडला.

आता जो पहिल्यांदा वर्णन करतो त्यानंच नाव द्यायचं, अशी आमच्यात रीत आहे. स्वतःचं देत नाहीत, ते वाईट दिसतं. आईबापाचं, गुरूचं, गावाचं देतात. मी क्षणभरही विचार केला नाही. तुझं. पण तुझं कोणतं? तुमच्या लग्नात अण्णांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं, की त्याच्या आधीचं, माहेरचं? तर आमच्या शास्त्रात एक कायदा आहे: जे नाव आधी दिलं तेच खरं, नंतर कुणी कितीही सुंदर नाव देवो, ते गळून पडतं. हा कायदा मी पहिल्यांदा शिकले त्या दिवशीच मला तू आठवली होतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी मानवतला गेलो की म्हातारी माणसं तुला त्या जुन्या नावानं हाक मारायची आणि तू ओ द्यायची नाहीस. ऐकूच आलं नाही अशी भाकरी थापत राहायचीस. मला वाटायचं, बिचारी. एवढ्या वर्षांची आपली हाक त्या चार बोटं तांदळात पुसून गेली, आता परक्यासारखी वाटत असेल. म्हणून मी माझ्या लग्नात तांदळाचं ताट मांडू दिलं नाही. सासूबाई रुसल्या, भटजी घोटाळले, पण नाव बदललं नाही म्हणजे नाही. आणि आता मी मोठ्या तोऱ्यात लेखात तुझं माहेरचं नाव घातलं. म्हटलं, समुद्राच्या तळाशी तरी न्याय होऊ दे.

लेख पास झाला, छापायच्या आधीची शेवटची प्रत तपासायला आली, आणि म्हटलं मावशीला सांगून येऊ, तेवढीच तिला खुशी. आता त्या नावानं तुला ओळखणारं जगात तेवढं एकच माणूस उरलंय. गाडीत बसले, सेलूला उतरले, चहा झाला, घोसाळं झालं, आणि मी नाव सांगितलं. मावशीनं कप खाली ठेवला. "आगं बया! हे कशाला ठिवलंस? ताईला चाललं नसतं."

मी समजावलं. आमचा कायदा सांगितला, हक्क सांगितला, तांदूळ सांगितले. जरा चढ्या आवाजात सांगितलं असेल. म्हटलं, तिचं नाव हिसकावून घेतलं होतं, मी परत देतेय. तर मावशी माझ्याहून वरच्या पट्टीत. "कोन हिसकावलं? तुला कुनी सांगितलं? बारशाला आमच्या आत्यानं आपल्या सासूचं नाव ठिवलं हुतं ताईला. ती सासू अख्ख्या गावाशी भांडायची. ताई जरा रागावली की समदे म्हनायचे, आली बघा सासू! लय बेजार झालती ती त्या नावाला." मी म्हटलं, तरी अण्णांनी न विचारता... तर मावशी हसायलाच लागली. हसता हसता तिनं खांबाला पाठ टेकली.

मग तिनं सांगितलं ते असं. तुमच्या लहानपणी गावात देवीची लस टोचायला एक नर्स यायची. पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, सायकल नव्हती तर बैलगाडीत पुढं बसून यायची, आणि सरपंचालाही म्हणायची, "बाही वर करा." तिचं नाव तू मनात धरून ठेवलं होतंस. लग्नाच्या दिवशी तू मावशीला फराळाचं ताट देऊन वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाला पाठवलंस, आणि तिनं अण्णांच्या कानात निरोप सांगितला, "ताई म्हनती, नाव हेच ल्ह्या. दुसरं ल्हिलं तर ती पाटावरून उठंल." अण्णा आधी लाल झाले म्हणे, मग म्हणाले, "लिहितो, पण ऱ्हस्व-दीर्घ विचारू नका." आणि चारचौघांत असा चेहरा केला की जणू त्यांनीच रात्रभर जागून शोधलंय. शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला तर नाहीच. आणि मी त्या माणसावर इतकी वर्षं मनातल्या मनात फणफणत राहिले!

"तिनं टाकलेलं तू उचलून पुन्ना तिच्याच गळ्यात बांधायलीस," मावशी म्हणाली, "आन् तेबी कायमचं." हे कायमचं तिनं सहज म्हटलं, पण ते शब्दशः खरं आहे. एकदा छापलं की नाव बदलता येत नाही. मी बदलू म्हटलं तरी मलाही नाही. मी मेले, ती बरणी फुटली, तरी जग आहे तोवर तुला कुणीतरी त्या भांडकुदळ सासूच्या नावानं हाक मारत राहणार, आणि तू ओ देणार नाहीस.

रेंज गच्चीवर येते, म्हणून मी तशीच तापलेल्या फरशीवर अनवाणी चढले आणि पाय नाचवत सहकाऱ्याला फोन लावला. म्हटलं, नाव बदलायचंय. तो म्हणाला, "चित्रांवर, बरणीच्या चिठ्ठीवर, सगळीकडे?" म्हटलं, सगळीकडे. त्या नर्सचं, म्हणजे तुझं, नाव त्या भावकीत आधी कुणाला दिलेलं नाही ना ते त्याला बघायला लावलं. मोकळं होतं. खाली आले तेव्हा मावशी डोळे पुसत होती आणि मीही, आणि दोघींना हसूही आवरेना. तू इतकी हट्टी, इतकी धीट, लग्नाच्या मांडवात बसून स्वतःचं बारसं करून घेणारी, आणि मी तुला बिचारी समजत आले! मला इतका आनंद झालाय, आई, की तो कुठं ठेवू कळेना.

नावाचा खुलासा करायला लेखात एकच ओळ मिळते. ती मी आत्ताच बदलून पाठवली: हे नाव लेखिकेच्या आईचं आहे, तिनं ते स्वतः निवडलं होतं. आता खोल पाण्यात जिथं कुणी जात नाही तिथं तू तुझ्या पसंतीच्या नावानं बसलेली असशील, आणि कुणाची टाप नाही ते पुसायची. हे पत्र काही टाकायचं नाही. तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण एवढं सगळं होऊनही एक गोष्ट तुला कळू द्यायची नाहीये. मला अजूनही तुझं पहिलंच नाव जास्त आवडतं.